वहिनीची लांबण

भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा मास्तर दाढी करत होता, आणि आनंदाच्या भरात त्यानं हनुवटी कापून घेतली.

"ऐकलंस का? अगं, आपलं गाणं! मिठागरावर लावलंय!"

"अख्खं गाव ऐकतंय," बायको आतून म्हणाली. "आधी ते रक्त पुसा. शर्टावर सांडलं तर धुवायचं मलाच."

मास्तरला कुठलं रक्त आणि कुठलं काय! तो तसाच साबणाच्या तोंडानं दारात जाऊन उभा राहिला. शाळेतली चाळीस पोरं एका आवाजात गात होती, खाली पेटी त्याची स्वतःची, आणि ठेका असा टणटणीत की रस्त्यानं चाललेला दूधवालासुद्धा पाय उचलून चालायला लागला होता.

उचल गं पाटी, सोड गं वाट,
उन्हानं आटला पाण्याचा काठ.

त्या वर्षी आभाळाची नियत फिरली होती. पावसाला अजून महिना असताना रोज दुपारनंतर ढग येऊन बसायचे. वाफ्यांत मीठ तयार होऊन पडलेलं. एक सर आली तर चार महिन्यांच्या उन्हाचं पुन्हा पाणी. पंधरा दिवसांत सगळं मीठ उचलून कोठारात गेलं पाहिजे, असं मालकानं ठरवलं, आणि वाढीव माणसं कुठं मिळेनात तेव्हा आहेत त्यांची पावलं भरभर पडावीत म्हणून त्यानं बांधावर खांब रोवून त्याला भोंगा टांगला.

गाणं त्यानं शाळेच्या वार्षिक समारंभात ऐकलं होतं आणि तिथंच रेकॉर्ड करून घेतलं होतं. शाळेच्या समितीचा तो अध्यक्ष, पहिल्या रांगेतली मऊ खुर्ची त्याची. पोरं गात होती आणि त्याचा बूट खाली ठेका धरत होता. कार्यक्रम संपल्यावर त्यानं मास्तरच्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, हेच गाणं आमच्या बायका म्हणतात तेव्हा पेंगल्यासारखं वाटतं. तुम्ही जीव ओतलात की हो! तुमच्या त्या सगळ्या गाण्यांचं पुस्तक मी छापतो. कागद माझा, छपाई माझी." मास्तरला घरी पोचेपर्यंत रस्ता दिसला नाही.

आता मास्तर म्हणजे कुणी मोठा गवई नव्हे. सात वर्गांना मिळून एक पेटी, तिचाही एक सूर मेलेला. पण चौदा वर्षं हा माणूस सुट्टी म्हणून कधी घरी बसला नाही. नावाडी, छप्पर घालणारे, धुणं धुणाऱ्या बायका, पाळणा हलवणाऱ्या म्हाताऱ्या, जिथं कुणी कामावर तोंड उघडेल तिथं हा वही घेऊन हजर. गावात लोक म्हणायचे, कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी मास्तर येतो, गाणी राहून जायला नकोत म्हणून. तीनशेच्या वर गाणी त्यानं एका जाड वहीत उतरवली होती, स्वर आणि मात्रांसकट. त्या वहीतलं पहिलं गाणं वहिनीचं.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तरणाताठा गेला तेव्हा मास्तर आठवीत होता. वहिनीनं दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाटी घेतली ती अजून खाली ठेवली नव्हती. मास्तरची शाळा, कॉलेज, पेटी, सगळं त्या पाटीतून आलेलं. मिठागरावर ती पुढची बाई. वीस बायकांची रांग, हातभर रुंदीचा निसरडा बांध, डोक्यावर मिठाची ओली पाटी. पुढची गाणार, बाकीच्या झेलणार, आणि सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडणार. एखादीचा पाय चुकला तर तिच्या पुढच्या-मागच्या चौघी पाण्यात. गाणं होतं म्हणून बांध चालत होता.

भोंग्याच्या पहिल्या दिवशी वहिनी घरी आली आणि ओट्यावर बादलीत पाय सोडून बसली.

"कसं वाटलं, वहिनी?" मास्तरनं विचारलं. दिवसभर त्यानं हाच प्रश्न घोळवला होता.

"गोड आहेत हो पोरांचे आवाज."

"आणि ठेका?"

वहिनीनं बादलीतल्या पाण्यात टाच चोळली. "ठेका थांबत नाही तुमचा, भावजी."

मास्तर खूश झाला. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, आणि ह्याचे तर म्हणे तयार कान! जेवताना वहिनीच्या हातातून दोनदा चमचा निसटला. बोटं मिटत नव्हती. मास्तरच्या बायकोनं ते पाहिलं आणि जेवणं झाल्यावर तेलाची वाटी गरम करून जावेच्या मानेला चोळत बसली.

तिसऱ्या दिवशी मात्र बायको बोलली. "तुमचं गाणं जाऊबाईंच्या मानेवर बसलंय."

"माझं गाणं? काम जास्त आहे यंदा. ढग बघतेस ना?"

"कामाला बाई कधी हटल्यात का? सत्तावीस वर्षं बघतेय. पण अशी मान धरून कधी आल्या नाहीत. आज पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलला त्यांनी."

मास्तर "हं" म्हणाला आणि शाळेत गेला. पण ते वाक्य चपलेत खडा जावा तसं दिवसभर टोचत राहिलं. मधल्या सुट्टीत त्यानं छापखान्यातून ताडून बघायला आलेली वही काढली. पहिलं पान. त्याचंच अक्षर, चौदा वर्षांपूर्वीचं, तेव्हा जरा जास्तच वळणदार. गाण्याच्या दोन ओळी, खाली स्वर, आणि समासात तांबड्या शाईनं: "प्रत्येक फेरीच्या शेवटी निरर्थक आलाप. मात्रेत बसत नाही. गाळावा."

त्याला तो दिवस जसाच्या तसा आठवला. वहिनी चुलीपुढं बसून गात होती, तो जमिनीवर बोटानं मात्रा मोजत होता. दोन ओळी झाल्या की ती "होऽऽऽ" असा एक सूर लावायची आणि तो ओढतच न्यायची. कधी एवढा, कधी तेवढा.

"हे शेवटचं किती लांब धरायचं, वहिनी?"

"ती लांबण. असते तेवढी असते."

"म्हणजे किती मात्रा?"

"ते त्या दिवसावर."

तेव्हा तो हसला होता. अडाणी बाई, हिला मात्रा काय कळणार, असं मनात म्हणाला होता. हो, म्हणाला होता; आज ते आठवून त्याचे कान तापले. पोरांना शिकवताना तर लांबण आणायचा प्रश्नच नव्हता. पोरं हसली असती. दोन ओळी, लगेच दोन ओळी, पुन्हा दोन ओळी, बसवलं फटाफट. समारंभाच्या दिवशी शेवटच्या रांगेत बसलेली वहिनी घरी येताना एवढंच म्हणाली होती, "पोरांना दम लागत असेल नाही हो?" ह्याला वाटलं, कौतुक करतेय.

तरी मास्तर त्या दिवशी मालकाकडं गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छापखान्यातून पहिली सोळा पानं तपासायला आली होती. वर त्याचं नाव, खाली छापलेलं पहिलं गाणं, लांबण गाळलेलं. उद्या सांगू, असं म्हणत त्यानं चार दिवस काढले, आणि रोज सकाळी भोंगा सुरू झाला की उगाचच नळ मोठा सोडून ठेवू लागला.

सुट्टीच्या दिवशी तो जुना शर्ट घालून मिठागरावर गेला. का गेला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. बांधावर बायका पाट्या भरत होत्या. डोळे मिठाच्या उजेडानं बारीक झालेले, पायांना भेगा, भेगांत मीठ.

"मीही दोन पाट्या टाकतो," मास्तर म्हणाला.

बायकांत एकदम हशा उसळला. दात नसलेली एक थोरली होती, सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, "अगं बाई! आता पेटीवाल्यानं पाटी घेतली, आम्ही पेटी वाजवायची का?"

"राहू द्या, भावजी," वहिनी हळूच म्हणाली. पण मास्तरनं ऐकलं नाही. मुकादमानं त्याच्या डोक्यावर पाटी चढवून दिली आणि तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. भोंगा सुरूच होता.

पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीला पाटीतलं खारं पाणी गालावरून हनुवटीवर उतरलं आणि दाढीच्या जुन्या कापल्यावर असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या फेरीला त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. आता दोन ओळी संपतील, मग जरा उभं राहू, असं त्याच्या शरीरानं आपलं आपण ठरवलं. ओळी संपल्या. आणि श्वास घ्यायच्या आत चाळीस पोरं पुन्हा ओरडली: उचल गं पाटी! त्याचा पाय पुढं पडला. पडावाच लागला, पुढची बाई चालत होती. पुन्हा ओळी संपल्या, पुन्हा पोरं. स्वतःच्या पेटीचा सूर त्याला ओळखू येत होता, तो मेलेला सूर त्यानं कुठं चुकवलाय तेही, आणि तो मनातल्या मनात स्वतःला म्हणत होता, अरे थांब की मेल्या, थांब! पाचव्या फेरीत तो बांधावरून घसरला आणि पाटीसकट वाफ्यात गुडघाभर चिखलात बसला.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. थोरलीनं पाटी खाली ठेवून त्याला हात दिला.

"लागलं?"

"नाही."

"मास्तर, एक विचारू? लांबण कुठं टाकलीत आमची?"

मास्तर चिखलात बसूनच राहिला.

"फेरी झाली की ही लांबण लावायची," थोरली वहिनीकडं हनुवटीनं दाखवत म्हणाली. "तेवढ्यात आम्ही पाटी उतरवायची, कंबर सरळ करायची, पोटुशी असेल तिनं बसायचं. कुणाचं दुखणंखुपणं असलं की ही मागं वळून बघायची आणि लांबण लांबवायची. मुकादम काय बोलणार? गाणं चालू आहे ना! माझ्या सासूच्या वेळेपासून असंच. मालकाला वाटतं गाणं, आम्हाला माहीत ती विश्रांती. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला कळलं असेल वाटलं."

मास्तरनं वहिनीकडं पाहिलं. वहिनी पाटी भरत होती. चौदा वर्षांत तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही. मात्रा विचारल्या फक्त.

तो तसाच उठला आणि चिखलाच्या पायांनी वजनकाट्याच्या खोलीत गेला. मालक वजनं लावून घेत बसला होता. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? रेकॉर्डिंग खराब झालंय म्हणाला असता, पोरांचे पालक तक्रार करतात म्हणाला असता. पण अपराधी मनाला धीर नसतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तो भोंगा बंद करा, मालक. माझी चूक झाली. गाणं तसं नाहीच. मी त्यातली लांबण काढून टाकली."

"कसली लांबण?"

मास्तरनं सगळं सांगितलं. आपण किती मोठी चूक केली हे पटावं म्हणून अगदी खुलासेवार सांगितलं. बायका पाटी कधी उतरवतात, पोटुशी कधी बसते, पुढची मागं वळून कशी बघते. वर्गात शिकवतात तसं सांगितलं. बोलता बोलता त्याच्या छातीवरचं ओझं हलकं होत होतं.

मालक ऐकता ऐकता हसायला लागला. "वा रे वा! माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे चाललंय म्हणता? आम्ही आपले समजत होतो, बिचाऱ्या गातात!"

"मालक, मी काय म्हणतोय..."

"कळलं हो. बरं झालं सांगितलंत. चला."

तो छत्री घेऊन बांधावर गेला. मास्तर मागोमाग. मालकानं हात वर केला, मुकादमानं भोंगा बंद केला. एकदम इतकं शांत झालं की पाण्यात कुठंतरी पक्षी उतरला तोही ऐकू आला. बायकांनी माना वर केल्या. मास्तरला क्षणभर वाटलं, जिंकलो.

"मास्तरांचं म्हणणं, भोंगा नको," मालक म्हणाला. "नको तर नको. त्यांचा मान आहे. तुमचं तुम्ही गा. पण ती लांबण बंद. दोन ओळी, की पाऊल. मुकादम, गाणं संपल्यावर कुणी पाटी उतरवली तर तिला घरी पाठव. आजवर चाललं ते चाललं. मास्तरांनी सगळं सांगितलंय मला."

वीस बायकांनी मास्तरकडं पाहिलं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. थोरली तर चक्क डोक्यावरचा पदर नीट करून परक्या माणसासमोरून वळावं तशी वळली. वहिनीनं एकदाच पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. पोरानं भर रस्त्यात काही घाण केल्यावर त्याच्या आईला वाटावी तशी लाज होती. मास्तरला वाटलं, आत्ताच्या आत्ता हा बांध फुटावा.

वहिनी गायली नाही. रांग मुक्यानं चालायला लागली. दोघी घसरल्या, तेव्हा मुकादमानं पुन्हा भोंगा लावला.

अकराव्या दिवशी दुपारी वहिनी बांधावर मधोमध खाली बसली. पडली नाही, बसली. पाटी डोक्यावर तशीच. उठायला गेली तर डावा पाय उठेना. मीठ वाहायच्या हातगाडीवर घालून तिला घरी आणलं. गाडी बायकांनीच ढकलली, आणि दारात मास्तर दिसताच त्यांनी वहिनीला त्याच्या बायकोच्या हवाली केलं.

डॉक्टर म्हणाला, कमरेची नस दबलीय, महिनाभर पडून राहा.

मास्तर त्याच पावली छापखान्यात गेला आणि वही परत घेऊन आला. छापखान्याचा माणूस म्हणाला, "अहो, निम्मं जुळवून झालंय. मालकांना काय सांगू?" मास्तर म्हणाला, "मास्तर मेला म्हणून सांगा." घरी येऊन त्यानं वही वहिनीच्या उशाशी ठेवली आणि जमिनीवर बसला.

"वहिनी, चुकलो. चुलीत घाला ही."

वहिनी छताकडं बघत होती. "चुलीत घालून काय होणार? तिनं काय वाईट केलंय?"

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत, लांबण कशासाठी ते?"

"तुम्ही घरातले, भावजी. मला वाटलं, तुम्हाला दिसतं सगळं. संध्याकाळी माझी पाठ कोण बघत होतं? तुम्हीच ना?"

मास्तरनं वही उचलून मांडीवर घेतली. वहिनीच पुढं म्हणाली, "गाळलीत त्याचं नाही मला काही. तुम्हाला नाही कळलं, नाही कळलं. पण कळल्यावर पहिलं जाऊन त्याला सांगितलंत. आम्हाला नाही विचारलंत. तुमच्या मनावरचं ओझं उतरलं, भावजी, पण ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंत ते बघितलं नाहीत."

"माझं ऐका तरी..."

"ऐकलं की. जेवून घ्या. ती ताट वाढून कधीची बसलीय."

तेराव्या दिवशी पाऊस आला. निम्मं मीठ आत गेलं होतं, निम्मं पाण्यात विरघळलं. भोंग्यात पाणी शिरलं आणि तो गंजला. तो कुणी काढलाही नाही.

वहिनी उठली, पण डावा पाय ओढतच राहिला. पुढच्या हंगामात मालक तिला नको म्हणत होता. बायका म्हणाल्या, पुढची तीच, नाहीतर आम्ही नाही. मग ती जायला लागली. रोजचं सगळं सुरळीत होतं. सकाळी ती मास्तरला चहा द्यायची, खोकला झाला की काढा द्यायची, शाळेतल्या गमती विचारायची. त्यानं पेटी काढली की मन लावून ऐकायची. पण स्वतः गुणगुणणंसुद्धा बंद. भांडी घासताना, निवडताना, ज्या बाईच्या तोंडी सदा काहीतरी असायचं तिच्या तोंडी काही नाही. बायको म्हणाली, "तुम्ही शाळेत गेल्यावर म्हणतात हो. छान म्हणतात." म्हणाली आणि जीभ चावली.

बाहेरही तेच. मास्तर नदीवर गेला की नावाडी विडी पेटवायचे. धुण्याच्या दगडांवर बायका एकमेकींना भाव विचारायला लागायच्या. बांधावरून गेला तर वीस पावलांचा नुसता चपचप आवाज. कुणी वाईट वागत नव्हतं. "या मास्तर, बसा मास्तर" सगळं होतं. आपल्या गाण्यातलं गुपित मालकापर्यंत पोचवणारा कोण, एवढंच त्यांना आता माहीत होतं.

एकदा शाळा अर्ध्यातच सुटली. समितीतलं कुणी वारलं म्हणून. मास्तर भर दुपारी घरी निघाला. मिठागरालाही त्या निमित्तानं सुट्टी. घराच्या मागच्या भिंतीशी तो आला आणि जागच्या जागी थांबला.

आत थोरली होती, आणखी तिघीचौघी होत्या, आणि वहिनी गात होती. गाणं नवं होतं. ह्या वर्षी त्यांनी जुळवलेलं. मास्तरनं असलं काही चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. ह्यात लांबण शेवटी नव्हतीच. ती ओळींच्या पोटात कुठंतरी घातलेली होती, एक इथं, एक तिथं, अशी की बाहेरून ऐकणाऱ्याला गाणं सलग वाटावं. मुकादमाला सात जन्मांत कळलं नसतं. मास्तरला दुसऱ्या कडव्यालाच कळलं. वहिनीचा आवाज वर गेला, बाकीच्यांनी अलगद झेलला, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

भिंतीला टेकून तो पुरं ऐकू शकला असता. कुणाला पत्ता लागला नसता. एकदा ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जात नसे, हे त्याला माहीत होतं. अजून एक कडवं आणि गाणं त्याचं झालं असतं. तिसरं कडवं सुरू झालं.

मास्तर मोठ्यानं खाकरला.

आत गाणं तुटलं. भांड्याचा आवाज झाला, कुणीतरी हवापाण्याचं काही बोललं. मग वहिनीचा आवाज आला, नेहमीसारखा, मायेचा. "भावजी, तुम्ही? लवकर आलात आज?"

"हो, वहिनी," मास्तर बाहेरूनच म्हणाला. "तुमचं चालू द्या. मी जरा गावात जाऊन येतो. तासभर तरी लागेल मला."

आणि लांबवर ऐकू जाईल असे पाय आपटत तो परत वळला.